विझली असे वाटलेली विडी



विडी-सिगारेटीविषयी आपल्या व्यासपीठांवरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (1 करिंथ 6:19), या वचनापासून आरंभ करायचा, मग फुप्फुसांची व पैशाची हानी सांगायची, आणि शेवटी ‘सोडून द्या’ म्हणून कळकळीची विनंती करायची, असा त्या उपदेशाचा ठरलेला मार्ग आहे. मी स्वतः या मार्गाने दहा-बारा उपदेश तरी केले असतील. त्यांत खोटे काही नव्हते. परंतु आज मागे वळून पाहता असे दिसते की, त्या सर्व उपदेशांत विडी ओढणारा एकटाच होता. त्याचा देह, त्याचे मंदिर, त्याचे आयुष्य. त्याच्या पलीकडच्या खोलीत झोपलेले माणूस त्या उपदेशांत कोठेच नव्हते.

ते माणूस मला उशिरा दिसले. कसे दिसले ते सांगितल्यावाचून पुढचा विचार मांडता येणार नाही, म्हणून सांगतो.

2019 सालच्या डिसेंबरात, निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यात मी घरभेटींसाठी गेलो होतो. तेथे आपल्या मंडळीतील एक वृद्ध जोडपे राहत असे. त्यांना आम्ही अण्णा आणि काकू म्हणत असू. अण्णा तीन वर्षांपूर्वीच्या उज्जीवन सभेत सर्वांसमक्ष उभे राहिले होते. त्यांनी खिशातला विड्यांचा कट्टा काढून तेथेच मोडून टाकला होता. त्या सभेत उपदेश मी केला होता. पुढे आमच्या पंचांनी ठराव केला की, जो असा शब्द देऊन पुन्हा तंबाखूकडे वळेल त्याला मंडळीत हुद्दा नाही आणि प्रभुभोजनातही भाग नाही. त्या ठरावाच्या बाजूने मी बोललो होतो. अण्णा तेव्हा मंडळीचे खजिनदार होते.

त्या रात्री आठच्या सुमारास मी दारातून हाक मारली. आतून थोडा वेळ उत्तर आले नाही, काहीतरी हलवल्याचा आवाज आला, आणि मग अण्णा म्हणाले, “या, या, आत या. थंडी आहे बाहेर.” माजघरात बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी अंथरलेली कापसाची गादी घाईने गुंडाळली व ट्रंकेवरच्या पांघरुणांच्या ढिगावर ठेवून दिली. चटईवर बसून आम्ही स्तोत्र वाचले, प्रार्थना केली, काकूंनी चहा दिला. खोलीत धुराचा वास होता, तो मला चुलीचा वाटला. नऊ वाजता मी निघालो.

काकूंना गादी सोसत नसे, त्या माजघरात चटईवर गोधडी घालून झोपत. थंडीमुळे खिडकी बंद होती. अण्णा सोप्यात बाजेवर झोपले. पहाटे शेजारच्या मुलाला कौलांतून धूर दिसला. आत जाऊन पाहतात तो ज्वाळा अशा नव्हत्याच. ढिगातली अर्धी गादी काळी होऊन निखाऱ्यासारखी धुमसत होती, आणि खोली धुराने भरलेली होती. काकूंच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. तालुक्याच्या इस्पितळात पोहोचण्याआधीच त्या गेल्या.

प्रेतक्रियेच्या वेळी ईयोबाचा पहिला अध्याय मीच वाचला. लोक म्हणाले, देवाची इच्छा. मीही मान हलवली.

साधारण महिन्याने अण्णांनी मला परसात नेऊन सांगितले, “तुमची हाक ऐकली न् हातातली विडी गादीच्या फाटक्या खोळीत कोंबली बघा. वाटलं, विझली.” एवढेच ते बोलले. मला दोष देण्याचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. ते स्वतःचा गुन्हा सांगत होते. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्यापुढे येऊन बसला आहे, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवायचा आहे. ज्याच्या मनात कोणाचे वाईट नव्हते, ज्याला विडी विझली असे खरोखर वाटले, त्याने पाप केले काय? आणि केले असेल, तर ते त्याने एकट्याने केले काय?

‘मुद्दाम केले नाही’ हे वाक्य आपण लहानपणीच शिकतो. शब्बाथशाळेत पेन्सिल मोडली तरी मूल हेच म्हणते, आणि आपण त्यावर समाधान मानतो. परंतु पवित्र शास्त्र इतक्या लवकर समाधान मानीत नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात सहाव्या वचनात शेतकऱ्याची एक साधी गोष्ट आहे. आग काट्यांत शिरली, त्यातून शेजाऱ्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर ज्याने आग लावली त्याने भरपाई द्यावी. मूळ इब्री भाषेतली वाक्यरचना मोठी विचार करण्याजोगी आहे. तेथे आग ‘बाहेर निघते’ आणि तिला काटे ‘सापडतात’. जणू काही आग आपल्या पायांनी चालत गेली, शेतकऱ्याने तिला तेथे पाठविलेच नाही. त्याचा हेतू काय होता, हे नियमशास्त्र विचारतही नाही. पेटविणारा तू, म्हणून भरून देणारा तू.

मग हेतूला काही मोल नाही काय? तसेही नाही. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात रानात लाकडे तोडणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते, सोबत्याला लागते, तो मरतो. त्या माणसाला खुनी म्हटलेले नाही, त्याच्यासाठी शरणपूर आहे. उलट निर्गम 21:29 मधला बैल पाहा. तो मारका आहे हे धन्याला ठाऊक होते, लोकांनी त्याला बजावलेही होते, तरी त्याने बांधून ठेवला नाही. तेथे धन्यावर अपराध येतो, आणि तोही जिवावरचा. म्हणजे ‘मुद्दाम केले काय?’ या प्रश्नापाशी शास्त्र थांबत नाही. ते आणखी एक प्रश्न विचारते: तुला ठाऊक होते काय? आणि अनुवाद 22:8 मध्ये ते त्याही पलीकडे जाते. नवे घर बांधले तर छताला कठडा कर, नाही तर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. अजून कोणी पडलेले नाही, कोणी चुकलेले नाही, तरी कठडा न करणे हाच दोष. आपल्यासारख्या कौलारू घरांत राहणाऱ्यांना हे वचन निरुपयोगी वाटते आणि आपण ते वाचून पुढे जातो. मी तर ते पदविकेच्या परीक्षेपुरते पाठ केले होते.

विडी ही यांपैकी काय? निसटलेले पाते, की मारका बैल?

याचे उत्तर देण्यासाठी विडीचा आणि कापसाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी झुरके घेतले नाहीत तर बहुधा आपोआप विझते. ओढणाऱ्याला तिची काडी पुनःपुन्हा पेटवावी लागते, आणि त्यामुळेच त्याचा तिच्यावर फाजील विश्वास बसतो. सिगारेटीचे तसे नाही, ती ठेवून दिली तरी शेवटपर्यंत जळत राहते. परंतु झुरका घेताच टोकाशी दोन्हींत खरा विस्तव असतो. सिगारेटीच्या टोकाशी झुरक्याच्या वेळी सुमारे 900 अंश सेल्सियस उष्णता असते, आणि कापूस पेटायला तिच्या निम्मीही पुरते. त्यातही कापूस भडकून पेटत नाही. तो आतल्या आत, बोटभर-बोटभर, तासन् तास धुमसतो. वरून खोळ शाबूत दिसते. गादी गुंडाळली म्हणजे उष्णता आत कोंडून राहते आणि धुमसणे अधिकच टिकते. या धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो, आणि झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी अधिक गाढ झोपतो. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ ही समजूत खरी नाही. झोपेत नाक आपले काम भरवशाने करीत नाही. आजच्या घरांतील फोमच्या गाद्या व सोफे तर याहून वाईट. ते पेटले की हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायूही निघतो.

कापसाची ही खोड किती चिवट असते ते मुंबईने 14 एप्रिल 1944 रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र होता. कापूस पेटला, सुमारे दोन तास पाणी मारूनही तो विझला नाही, आणि शेवटी जहाज फुटले. अग्निशामक दलाचे 66 जवान त्या दिवशी मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुष्कळदा तो पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेमागे येतो, पण आपल्या मंडळ्यांतून त्याची आठवण कोणी काढल्याचे मी ऐकलेले नाही.

हे सर्व अण्णांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. तेव्हा ‘तुला ठाऊक होते काय?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर अर्धे ‘हो’ आणि अर्धे ‘नाही’ असे आहे. विडीत विस्तव असतो हे त्यांना ठाऊक होते, तो कापसात आठ तास जिवंत राहतो हे नव्हते. लूक 12:48 मध्ये प्रभू न जाणता चुकलेल्या दासाविषयी बोलतो, आणि त्याला थोडे फटके मिळतील असे सांगतो. थोडे, पण मिळतील. मात्र ज्याने हे वरचे सर्व वाचले आहे, त्याची सुटका आता तेवढ्यावर नाही. वाचकहो, तुमचा बैल आजपासून मारका म्हणून गावात जाहीर झाला आहे!

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पेटविणाऱ्याने एकट्याने पाप केले काय?

परक्या देशातील एक हकीकत येथे उपयोगी पडेल. 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टवूड गावी सिगारेटीमुळे घराला आग लागून आईवडील आणि पाच मुले दगावली. त्यानंतर तेथील लोकप्रतिनिधी जो मोकली यांनी एक साधी मागणी लावून धरली: ठेवून दिल्यास आपोआप विझेल अशी सिगारेट करा. ते शक्य होते. कागदावर ठराविक अंतराने थोडे घट्ट पट्टे घातले की तेथपर्यंत येऊन विस्तवाला हवा कमी पडते. पण सिगारेटवाले बोट दाखवीत गाद्या-सोफ्यांकडे. ते न पेटणारे करा, म्हणत. गाद्या-सोफेवाले बोट दाखवीत सिगारेटीकडे. आणि दोघेही मिळून बोट दाखवीत त्या झोप लागलेल्या बेसावध माणसाकडे. एदेन बागेतले संभाषण आठवावे असा हा प्रकार! पंचवीस वर्षे अशी गेली. 2004 साली न्यूयॉर्क राज्याने प्रथम अशा सिगारेटीचा कायदा अमलात आणला. 2011 पर्यंत तेथील सर्व राज्ये आणि युरोपीय संघ त्याच वाटेने गेले. मोकली 2001 सालीच वारले होते.

ही हकीकत वाचताना मला त्या कंपन्यांचा राग आला, आणि लगेच आमचा ठराव आठवला. निर्गमातल्या त्या वचनात आगीला काटे सापडतात. काटे कोणी रचून ठेवले होते, हे तेथे सांगितलेले नाही. पण आमच्या गोष्टीत ते मला ठाऊक आहे. अण्णा पूर्वी अंगणात, दगडावर बसून, सर्वांदेखत विडी ओढीत आणि थोटूक मातीत चिरडून टाकीत. आम्ही त्यांना अंगणातून उठवून माजघरात, गादीवर, दार लावून बसविले. शब्दाने नव्हे, धाकाने. आणि माझ्या पायरवाला त्यांनी जितके भ्यावे तितके ते त्या वेळी देवाला भीत नव्हते, असे म्हणण्याचे मला आज धाडस होते. लपविलेली विडीच सर्वांत घातक असते, कारण ती घाईने टाकली जाते. गंजीच्या आडोशाला, न्हाणीत, सरपणाच्या मागे, पांघरुणाखाली. आपली तरुण मुले कोठे ओढतात याचा शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एकदा मनाशी विचार करावा.

विडी मी पेटविली नव्हती. भरपाई मागायची तर नियमशास्त्र माझ्या दारी येणार नाही. पण लेवीय 19:14 मध्ये आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि झोपलेल्या माणसाइतके आंधळे कोण? काकूंच्या वाटेत ते अडखळण अण्णांच्या हाताने ठेवले गेले, आणि तो हात घाईला आला तो माझ्यामुळे. मी हे आमच्या पंचांपुढे उभा राहून सांगितले. एक वडील म्हणाले, “तुम्ही उगाच स्वतःला दोष लावून घेता.” दुसऱ्यांनी विचारले, “मग काय, तंबाखूला मोकळीक द्यायची?”

हा दुसरा प्रश्न खरा आहे, आणि मी त्याला बगल देऊ इच्छीत नाही. तंबाखू सोडावी, हे माझे मत कालही होते व आजही आहे. तिच्यात माणसाचे भले नाही. (आमच्या भागात हे म्हणणेही सोपे नसते. निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ. आमच्या मंडळीतल्या कित्येक बहिणींनी वखारीत पाला चाळून आणि विड्या वळून मुले शिकविली, आणि त्यातला दशांश दानपेटीत टाकला. ते दान आम्ही कधी परत केले नाही.) परंतु ‘सोड’ असे सांगणे वेगळे, आणि ‘सोडीपर्यंत कोणाला जाळू नकोस’ असे सांगणे वेगळे. पहिले सांगितल्याने दुसरे आपोआप सांगितले जाते, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. पहिलेच तेवढे कडकपणे सांगितले तर दुसरे सांगण्याची वाटच बंद होते, कारण जो ओढीतच नाही असे सोंग करतो त्याला राखपात्र कोठे ठेवावे हे कसे सांगणार?

म्हणून ते येथे उघडपणे सांगतो. ज्यांना सुटलेली नाही त्यांनी घराबाहेर ओढावी. अंथरुणात, बाजेवर, आरामखुर्चीत कधीही नको, आणि झोपेची किंवा गुंगीची गोळी घेतल्यावर तर नकोच. थोटूक पाणी किंवा वाळू घातलेल्या डब्यात बुडवावे. केराच्या टोपलीत, कोरड्या पाल्यात, गोठ्यापाशी टाकू नये. ज्या घरी कोणाला प्राणवायू लावलेला आहे, आणि 2021 सालच्या महामारीपासून अशी यंत्रे आपल्या घरांतही आली आहेत, तेथे त्या खोलीत काडीसुद्धा ओढू नये. प्राणवायूने भिजलेले पांघरूण पाहता पाहता भडकते. काडेपेटी मुलांच्या हाताला लागेल अशी खिडकीत ठेवू नये. गादीवर ठिणगी पडलीच तर वरून चापटून समाधान मानू नये. पाणी ओतावे, बाहेर न्यावी, फाडून आतला कापूस भिजवावा, आणि ती रात्र तिला घराबाहेरच काढू द्यावी. खोली धुराने भरली असेल तर गादीच्या नादी न लागता माणसे बाहेर काढावी, दार ओढून घ्यावे आणि 101 किंवा 112 वर कळवावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो यांचा धडा आपण दरवर्षी घेतो. मुले त्यातून कधी कधी असेही समजतात की चांगल्या माणसाला आग लागत नाही. त्याच दिवशी पाच मिनिटे काढून त्यांना शिकवावे की धूर वर जातो, म्हणून जमिनीलगत रांगत बाहेर पडायचे. कपडे पेटले तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते गार पाणी घालायचे, टूथपेस्ट किंवा शाई नव्हे. आमच्या शाळेत हे केले तेव्हा मुलांनी बाके बाजूला सारून एवढे लोळून घेतले की सतरंज्या झटकायला दुसरा दिवस लागला.

अण्णांविषयी थोडे सांगायचे राहिले. काकू गेल्यानंतर ते कित्येक महिने प्रभुभोजनाला येत नसत. कोणी अडविले म्हणून नव्हे. ठराव तोवर कोणाच्या ओठांवरही नव्हता. शरणपुराची वचने (गणना 35) मी त्यांना एकदा वाचून दाखविली. तेथे नकळत मारणारा निर्दोष म्हणून घरी जात नाही, आणि दोषी म्हणून मारलाही जात नाही. महायाजक मरेपर्यंत तो त्या नगरात लोकांमध्ये राहतो. अण्णांनी विचारले, “आणि महायाजक मेल्यावर?” मी म्हटले, “मग तो आपल्या घरी परत जातो.” आमचा महायाजक मरून चुकला आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “घरी कोण आहे आता?” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही.

पंचांनी दोन बैठकींनंतर ठरावातला प्रभुभोजनाचा भाग काढला, हुद्द्याचा ठेवला. अण्णांची विडी दिवसाला दोनवर आली आहे, पूर्ण सुटलेली नाही. मी त्यांच्याकडे जातो तेव्हा ते अंगणातल्या त्या जुन्या दगडावर बसलेले असतात. मला पाहून आता ते हात लपवीत नाहीत. उरलेला झुरका घेतात, पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात विडी बुडवितात, चुर्र असा आवाज होईपर्यंत थांबतात, आणि मग म्हणतात, “या, बसा.”